चौदा दिवसांचं मौन

सकाळी पोळ्या लाटताना आई ओठ फडफडवायची. घोडा फुरफुरतो तसा तो आवाज खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढायचा, वर जाऊन थरथरायचा आणि तव्यावरची पोळी उलटेपर्यंत पुन्हा खाली यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा येणारी माणसं दचकायची. आई अमिरातीतल्या अल ऐन शहरात एका मोठ्या इस्पितळात स्पीच थेरपिस्ट होती. बसलेले, फाटलेले, हरवलेले आवाज परत जागेवर आणणं हे तिचं काम, आणि पेशंटला शिकवायचा प्रत्येक व्यायाम ती आधी स्वतःवर करून बघायची. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या, एसीची घरघर, समोरच्या मशिदीतली अजान आणि आईचं फुरफुरणं हे सगळं माझ्या कानात एकाच घराचे आवाज म्हणून बसलं आहे. पेशंट कोण, हे मात्र ती कधी बोलली नाही. आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई तीन महिने तिच्याकडे येत होत्या. मला ते कळलं ते बाईंनीच एक दिवस वर्गात सांगितलं म्हणून. घरी येऊन मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं ना? मग त्यांनाच विचार," आणि कोशिंबिरीला फोडणी दिली.

बाबा आठवडाभर दुबईत असायचे. रास अल खोरच्या घाऊक बाजारात भारतातून येणारी भाजी उतरवून घेणं, तपासणं, पुढे पाठवणं असं त्यांचं काम होतं. शुक्रवारी दुपारी ते घरी यायचे ते एक खोकं घेऊन. त्यात शेपू, गवार, अंबाडी, कधी कोवळी भेंडी. खोकं उघडलं की लांबून प्रवास करून आलेल्या मातीचा वास स्वयंपाकघरात पसरायचा. "हे शेपूचं खोकं आज बाजारात चाळीस दिरहॅम. म्हणजे हजार रुपये झाले," असं ते मोठ्याने म्हणायचे आणि आई म्हणायची, "बरं झालं, आता हजार रुपयांची भाजी निवडायला बसा." शुक्रवारची संध्याकाळ मुगाची डाळ घातलेल्या शेपूची आणि बाकरीची. 'भाकरी' असं नीट म्हण, असं आई मला दर वेळी सुनावायची, कारण मी इंग्रजी शाळेत वाढलेली, महाप्राण अक्षरं माझ्या तोंडातून हवा गेल्यासारखी निघायची.

मी सोळा वर्षांची होते आणि माझं सगळं आयुष्य एका स्वीडिश बँडभोवती फिरत होतं. त्या बँडचं नाव मी इथे टिन्सल वुल्फ असं लिहिते. ते खरं नाव नाही. माणसांची नावं, गाव, आजाराचे काही तपशील हेही मी बदलले आहेत. का बदलले, ते हे प्रकरण वाचून कळेल. टिन्सल म्हणजे आपण गणपतीच्या मखराला लावतो ती चमकी. आई त्यांना 'तुझे चमकीवाले लांडगे' म्हणायची. योनास गाणारा, एरिक गिटार वाजवणारा, दोघं स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका लाकूड-कारखान्याच्या गावात एका बाकावर शिकलेले. त्यांच्या आसपासची सगळी पोरं काळे कपडे घालून घशातून गुरगुरत होती, तेव्हा या दोघांनी त्यांच्या जन्माआधीच्या जमान्यातला, फुगवलेल्या केसांचा, काजळ आणि लिपस्टिकचा, उंच किंचाळणाऱ्या सुरांचा रॉक उचलला. पहिल्या कार्यक्रमात लोकांनी त्यांच्यावर बिअरचे ग्लास फेकले. दुसऱ्या कार्यक्रमाला ते एरिकच्या बहिणीच्या पर्समधलं सामान तोंडाला फासून परत त्याच मंचावर गेले. पहिला अल्बम त्यांनी एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला. तो स्वीडनमध्ये कोणी विचारला नाही, जपानमध्ये मात्र उचलला गेला. दुसऱ्या अल्बमने त्यांना युरोपभर फिरवलं आणि त्याच फिरण्यात दोघांचं बिनसलं.

ते का बिनसलं, हे मला पाठ होतं. योनासचे वरचे सूर रोज रोज लागेनासे झाले होते. एरिक म्हणत होता, गाणी दोन पट्ट्या खाली घेऊ. योनास म्हणत होता, हे संगीत उंचीवर जगतं, खाली आणलं की मेलं. एका कार्यक्रमात योनासने एरिकला न सांगता वरच्या सुरांच्या जागी आधी मुद्रित केलेला आवाज वाजवला. एरिक त्याच आठवड्यात बँड सोडून गेला. वर्षभराने परत आला तो एका अटीवर: आवाजाबाबत पुन्हा खोटं नाही. हे सगळं दोघांनी मुलाखतींतून वेगवेगळं सांगितलेलं होतं आणि मी ते तुकडे गोळा करून सलग लिहिलं होतं. फिनलंडची कायसा नावाची मुलगी आणि मी मिळून बँडच्या चाहत्यांचं एक पान चालवत होतो. पानावरची बँडची सगळी हकिगत माझी. हजारो लोक ती वाचत. शाळेत मला पाच मुलीही ओळखत नसतील, पण त्या पानावर कुणाचा वाद झाला की लोक म्हणायचे, थांबा, तिला विचारा.

टिन्सल वुल्फ दुबईला येणार हे कळलं तेव्हा मी आठवडाभर फोनवर बाबांच्या मागे लागले. तिकीट अडीचशे दिरहॅमचं. "म्हणजे सव्वासहा हजार रुपये," बाबा म्हणाले, "आणि दोघांचे साडेबारा, कारण तुला एकटीला पाठवणार नाही." कार्यक्रम अल क्वोजमधल्या एका जुन्या गोदामात होता. बाजूला टायरची दुकानं आणि कामगारांच्या वस्त्या, आत निळे दिवे. बाबा ऑफिसच्या शर्टातच आले होते, कानात कापसाचे बोळे घालून. तिसऱ्या गाण्यात योनास वर चढला आणि त्याचा आवाज तुटला. चिरकला नाही, घसरला नाही, नुसता गेला. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या आणि आवाज नाही. त्याने माइक आमच्याकडे वळवला, लोकांना वाटलं आपण गायचं आहे, लोक गायले. पण मी पहिल्या रांगांत होते आणि त्याचे डोळे मला दिसत होते. तो घाबरला होता. एरिक वाजवता वाजवता त्याच्याकडे बघत राहिला. गाणं संपल्यावर दिवे लागले आणि तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम थांबवत आहोत असं कोणीतरी सांगितलं. "खलास?" बाबांनी विचारलं. "इतक्यात?"

पुढच्या चार दिवसांत आमच्या पानावर लोकांनी योनासला फाडून खाल्लं. तो प्यायलेला होता. तो त्याहून वाईट काहीतरी घेऊन मंचावर आला होता. त्याला आत टाकलं आहे. एरिकने नवा गायक शोधायला घेतला आहे. कोणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळे खात्रीने बोलत होते. बँडकडून एक शब्द येत नव्हता.

अल ऐनमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. त्यामुळे शाळा सुटली की बस मला इस्पितळापाशी सोडायची आणि आईची ड्युटी संपेपर्यंत मी तिच्या विभागाच्या बाहेर खुर्चीवर अभ्यास करत बसायचे. कार्यक्रमानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, मी तशीच बसले होते. लिफ्टमधून एक उंच माणूस आला. डोक्यावर टोपी, गळ्याला रुमाल, चेहरा धुतलेल्या भिंतीसारखा कोरा. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो बाईंनी नाव विचारलं तेव्हा त्याने खिशातून लहान वही काढून लिहून दाखवलं. वही धरलेल्या हाताच्या पाठीवर लांडग्याचं निळं गोंदण होतं. ते मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर शंभर वेळा काढलेलं होतं. आई दारात आली, त्याला आत घेतलं आणि दार लावता लावता तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते तिला कळलं असावं.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. "तू आज इथे कोणाला पाहिलं नाहीस," ती म्हणाली.

"आई, आय नो हू ही इज."

"मी ते विचारलं नाही. तू कोणाला पाहिलं नाहीस. कायसाला नाही, बाबांनाही नाही. मुक्ता, माझ्याकडे बघ. इथे हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. माझं लायसन्स जाईल."

"आय वोन्ट टेल एनीवन."

"मराठीत सांग."

"कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आईने मला एक अक्षर सांगितलं नाही. पण त्या विभागाच्या भिंती पातळ होत्या, नर्सेस बोलायच्या, आणि मी कान बंद केले नाहीत. त्याच्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन झालं होतं. चौदा दिवस घशातून आवाज काढायचा नव्हता. कुजबुजही नाही, खाकरणंही नाही. पंधराव्या दिवशी आईसमोर बसून तो पहिला सूर लावणार होता. तोवर आई त्याच्याकडून श्वासाचे, खांदे-मान ढिली करण्याचे व्यायाम करून घ्यायची. अल ऐन त्याने निवडलं कारण डॉक्टर इथे होते आणि इथे त्याला कोणी ओळखणार नव्हतं. तो माझ्या समोरून जायचा, मी पुस्तकात डोकं घालायचे. घरी आल्यावर मी पान उघडायचे आणि त्याच माणसाबद्दल लोक काय काय लिहीत ते वाचायचे. मी जेवेनाशी झाले. आईला वाटलं परीक्षा जवळ आली. की तिला सगळं कळत होतं, मला आजही सांगता येत नाही.

नवव्या दिवशी दुपारी कायसाने लिहिलं की ती पान बंद करते आहे. दारुड्या माणसासाठी आपण आपली वर्षं घालवली, तो मेला तरी तिला आता फरक पडत नाही. मी खुर्चीवर बसले होते. समोरच्या दारामागे तो होता, न बोलता श्वास मोजत. मी फोन उचलला आणि पानावर तीन वाक्यं लिहिली. तो प्यायलेला नव्हता. त्याच्या स्वरतंतूला इजा झाली होती आणि ऑपरेशन झालं आहे. मला माहीत आहे, कारण माझी आई त्याच्यावर उपचार करते आहे.

पाठवल्यावर पहिल्यांदा हलकं वाटलं. मग आईचं लायसन्स आठवलं. अकरा मिनिटांनी मी ते काढून टाकलं. तोवर त्या वाक्यांचा स्क्रीनशॉट काढून कोणीतरी दुसरीकडे लावला होता, तिथून तो तिसरीकडे गेला होता. मी कोण, कुठे राहते, हे पानावरच्या जुन्या मंडळींना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला इस्पितळातून फोन आला. ती पोळ्या करत होती. तिने ऐकलं, गॅस बंद केला, "येस मॅडम, आय अंडरस्टँड," म्हणाली आणि फोन ओट्यावर उपडा ठेवला. माझ्याकडे वळून तिने फक्त विचारलं, "तू?"

मी होकाराची मान हलवली. मला वाटलं ती मारेल. ती स्टुलावर बसली. म्हणाली, "आज तू शाळेत जाणार नाहीस. माझ्याबरोबर येणार. तिथे मी तुझ्या वतीने काही बोलणार नाही."

बाबांना तिने तेव्हाच फोन लावला. ते बाजारात होते, मागे ट्रकचे आवाज ऐकू येत होते. ते निघतो म्हणाले, आई नको म्हणाली. ते मला म्हणाले, "जे झालं ते जसंच्या तसं सांग. रडून काही टाळू नकोस."

खोलीत चौघं होती. पेशंटच्या तक्रारी बघणाऱ्या मरियम मॅडम, आईचे विभागप्रमुख, आई आणि खिडकीपाशी योनास. मरियम मॅडमचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. पेशंटने लेखी तक्रार दिली तर प्रकरण लायसन्स देणाऱ्या खात्याकडे जाईल, पुढे पोलिसांकडेही जाऊ शकतं, असं त्यांनी आईला सांगितलं. आई सरळ बसली होती. "माझ्या मुलीला मी माझ्या विभागाबाहेर बसू दिलं," ती म्हणाली. "ती माझी चूक आहे. पेशंटबद्दल मी तिला कधीही काही सांगितलेलं नाही." एवढंच. मग सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी उभी राहून, अडखळत, सगळं सांगितलं. गोंदण, नर्सेसचं बोलणं, कायसा, तीन वाक्यं, अकरा मिनिटं. एरवी ज्या इंग्रजीत मी अखंड बडबडायचे, तिच्यात मला शब्द सापडत नव्हते.

योनासने वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. हे तू कोणासाठी केलंस?

"तुमच्यासाठी," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, नाही अशी. पुन्हा लिहिलं. त्या पानावरची आमची सगळी हकिगत तू लिहिलीस का? मी हो म्हणाले. तो बराच वेळ लिहीत राहिला. पेन कागदावर घासल्याचा आवाज तेवढा खोलीत येत होता. ती बरोबर होती, त्याने लिहिलं होतं. माझ्या आईने ती वाचली आहे. पण ही गोष्ट माझी होती. एरिकला मी पंधराव्या दिवशी स्वतःच्या तोंडाने फोन करणार होतो. आवाजाबाबत खोटं बोलणार नाही असं वचन दिलं होतं, तू ते लिहिलंही आहेस. त्याला हे काल तुझ्याकडून कळलं. त्याने मला एकच ओळ पाठवली: पुन्हा लपवलंस.

मी वाचलं आणि मला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं ते. मी त्याच्यासाठी लढते आहे असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्या गर्दीत मला एकटीला माहीत आहे, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला त्या खोलीपर्यंत जावं लागलं.

मरियम मॅडमनी त्याला विचारलं, तक्रार देणार का. त्याने आईकडे पाहिलं, मग वहीत लिहून ती वही मॅडमपुढे धरली. नाही. पण पुढचे उपचार मी माझ्या देशात घेईन. आईने मान तुकवली. उठताना ती त्याला एवढंच म्हणाली, "अजून चार दिवस. विमानात पाणी पीत राहा, आणि कोणी कितीही चिडवलं तरी बोलू नका." तो हसला. त्याने हात छातीवर ठेवला आणि बाहेर गेला. पंधराव्या दिवसाचा तो पहिला सूर आईने ऐकला नाही. मनात कितीतरी वेळा मी इतर सगळ्या गोष्टींची माफी मागून मोकळी झाले आहे, या एका गोष्टीची नाही.

आईच्या नावावर लेखी ताकीद लागली. वर्षभर ती नवे पेशंट बघताना कोणी वरिष्ठ बरोबर बसायचा. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर. माझी शाळेची बस घरापाशी थांबू लागली. घरात आम्ही बोलायचो ते कामापुरतं, डबा, कपडे, चावी. शुक्रवारी बाबा भाजीचं खोकं घेऊन आले. आम्ही तिघं शेपू निवडायला बसलो, तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सगळं सांगितलंस त्या खोलीत. कमी-जास्त केलं नाहीस." त्यावर बाबा म्हणाले, "यल्ला, आता जेवू या," आणि उठले. पण मला माहीत होतं, ती शाबासकी नव्हती. बुडालेल्यातून एवढं एक हाती लागलं, असं ती सांगत होती.

बँड आठ महिने गप्प होता. मग योनास आणि एरिक एकत्र बसून बोललेलं एक चित्रण आलं. त्यात आजाराबद्दल जे सांगायचं ते त्याने स्वतः सांगितलं. कुठे उपचार घेतले हे सांगितलं नाही, कोणी फोडलं हेही नाही. गाणी दोन पट्ट्या खाली आली, वरचे सूर एरिक घेऊ लागला. काही लोक म्हणाले हे जास्त चांगलं आहे, पुष्कळ लोक सोडून गेले. आणखी दोन अल्बम झाले. पुढे स्वीडन-फिनलंडमधल्या बोटींवर, जेवणाऱ्या प्रवाशांपुढे ते वाजवत असत, असं कायसाने मला कळवलं. पान तिनेच पुढे चालवलं. मी त्यावर पुन्हा काही लिहिलं नाही. माझ्या तीन वाक्यांनी त्यांची कारकीर्द वळली की ती तशीही तिकडेच जाणार होती, हे मी खूप वर्षं स्वतःला विचारत राहिले. आता साठीला आल्यावर विचारणं थांबवलं आहे. उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारायचा मला हक्क नाही.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी पुण्याला आईकडे गेले होते. ती पंच्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण बोलणं खणखणीत. आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. तो काळ आता किती मागे पडला, इस्पितळही दुसऱ्या नावाने चालतं, असं म्हणत म्हणत मी विषय काढला. म्हटलं, "आई, नावं सगळी बदलणार आहे मी. फक्त माझ्यासाठी सांग. त्याचा आवाज पूर्ण परत येईल असं तुला तेव्हा वाटलं होतं का?"

तिने कप खाली ठेवला. तिला ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "कोणाचा आवाज?"